बोर्डाचा आवाज

उद्या सकाळी नऊच्या आत माझी मुलगी एका अहवालावर सही करणार आहे, आणि त्यात लिहिलेलं बहुधा खरं नसेल. तिला ते ठाऊक नाही. मला आहे. दोनदा अंथरुणावर पडून पाहिलं, दोनदा उठले.

ती दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलच्या सामन्यांत पंच असते. प्रेक्षकांतून "ओ मॅडम, चष्मा घ्या!" अशी आरोळी आली की तिला हसू आवरत नाही. धाकटा भाऊ तिला 'शिट्टी' म्हणतो. "शिट्टी, आईनं दूध उतू घालवलं, फाउल दे!" लहानपणी पकडापकडीत कुणाचा हात निसटता लागला, तर पकडणाऱ्यालाही कळलेलं नसायचं, ही मात्र आपण होऊन "मी आउट" म्हणत पायरीवर जाऊन बसायची. हे म्हणायचे, "अगं, हिचा जगात निभाव कसा लागायचा?" मलाही तोच घोर. अजून आहे.

मी सामन्याला जायचं नाही, असं तिनं बजावलंय. चार वर्षांपूर्वी मी मध्येच उभी राहून "अगं, ढकललं ना तिनं!" असं ओरडले होते, तेव्हापासून बंदी. पण आज अंतिम सामना होता. पंचांच्या वरच्या पॅनेलवर तिचं नाव जाणार की नाही, हे त्यावर ठरायचं होतं. सहा वर्षं वाट पाहतेय पोर. मी न सांगता गेले. स्कार्फ बांधला, सगळ्यात वरच्या बाकावर बसले आणि स्टीलची पाण्याची बाटली पोटाशी धरली.

"मावशी, बाटली सांभाळा. खाली कुणाचं डोकं फुटेल," शेजारचा माणूस म्हणाला.

शेवटचे चार सेकंद. एका गुणाचा फरक. मागे असलेल्या संघाच्या मुलीनं जवळून चेंडू टाकला आणि समोरच्या उंच, हडकुळ्या मुलीनं उडी मारून तो रिंगच्या वर हातानं उडवला.

इथला नियम मला तोंडपाठ आहे, तिनं पाठ करताना मीच पुस्तक धरून बसायचे. बास्केटकडे टाकलेला चेंडू वर चढत असेल तर अडवता येतो. खाली उतरू लागला की रिंगच्या वर त्याला हात लावायचा नाही. आणि एकदा का तो मागच्या बोर्डाला लागला, की वर जात असो नाहीतर खाली, तिथे हात लावला तर नियमभंग. बास्केट झाली असं धरलं जातं.

चेंडू वर चढत होता, यावर सगळ्यांचं एकमत होतं. प्रश्न एवढाच, की बोर्डाला लागला होता का?

माझ्या मुलीनं शिट्टी वाजवली. बास्केट दिली. सामना फिरला.

"मॅडम, बोर्डाला कुठे लागला?" ती हडकुळी मुलगी दोन्ही हात पसरून विचारत राहिली. मग टॉवेल डोक्यावर घेऊन जमिनीवरच बसली.

हे सगळं मी पाहिलं, पण मधला क्षण मी पाहिला नाही. त्या क्षणी माझ्या घामेजल्या हातांतून बाटली निसटली होती आणि खालच्या फळीवर ठप्पकन आदळली होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, तक्रार झालीय माझ्यावर. हॉलच्या कॅमेऱ्यात आवाज नाही आणि चेंडू त्या मुलीच्या पाठीआड गेलाय."

"मग तुला कसं कळलं?"

"मलाही दिसला नाही गं, पण मी ऐकलं. ठप्प! आमचे सर सांगायचे, डोळे अडले की कानांवर भरवसा ठेवा. सोबतचा पंच म्हणतो, अहवालात सरळ 'स्पष्ट दिसला' असं लिही, विषय मिटेल. मी नाही लिहिणार. जे ऐकलं तेच लिहिणार."

माझ्या तोंडातून "जेवलीस का?" एवढंच निघालं.

बाटली आता समोर टेबलावर आहे. बुडाशी पोचा आलाय, सरळ उभी राहत नाही. मी मनाला समजावते आहे, की आवाज दोन झाले असतील, एक बाटलीचा आणि एक बोर्डाचा. मी काय पंच आहे? गप्प बसले तर कुणाला कळणार? कॅमेरा मुका आहे, पोरीचं नाव पॅनेलवर जाईल. सांगितलं, तर मी तिला ओळखते. ती लिहील, "माझी चूक झाली असण्याची शक्यता आहे." आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसेल.

पण कितीही आठवलं तरी मला एकच ठप्प ऐकू येतो, तोही पायाखालून.

बोर्डाचा आवाज झाला की नाही, ते मी ठरवायचं नाही. ती ठरवेल. पण त्यासाठी बाटलीचं तिला ठाऊक हवं. शेजारचा माणूस म्हणाला होता, सांभाळा. नाही सांभाळली. निदान सांगू तरी.

सव्वा वाजलाय. सकाळपर्यंत थांबले तर माझा धीर सुटेल आणि तिची सही होऊन जाईल. फोन उचलला की आधी ती किंचाळेल, "आई, तू आली होतीस?" किंचाळू दे. हो म्हणेन, आणि मग बाटलीचं सांगेन.

लावते फोन.