चकती आणि तारा

आमच्या घरात संशय वारशाने येतो. वडील पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झाले होते. जन्मभर वीज तयार होताना पाहिलेल्या त्या माणसाला कुणी 'हे यंत्र वीज वाचवतं' असं सांगितलं की ते म्हणायचे, "वीज वाचते ती बटण बंद केल्यावर." पुढे बोलणं खुंटायचं.

नव्व्याण्णव साली मी रत्नागिरीत घराच्या पडवीत टायपिंगचं दुकान काढलं. कॉम्प्युटर घेतला तो माझ्या मित्राकडून. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. नंतर तो दुबईला गेला आणि परत येऊन त्याने बाजारात दुकान थाटलं. मॉनिटरच्या कोपऱ्यात ताऱ्याचं एक स्टिकर होतं. "काम थांबलं की ह्याची स्क्रीन आपोआप काळी होते, वीज कमी लागते. तारा त्याचाच," तो म्हणाला. मी मान डोलावली आणि त्याची पाठ वळताच नखाने तारा खरवडून पाहिला. निघाला नाही, नुसता ओरखडा उठला.

पहिल्याच आठवड्यात आई तिन्हीसांजेला उदबत्ती घेऊन पडवीत आली. स्क्रीन काळी झालेली. "दिवेलागणीला धंद्याच्या जागेत काळोख करून काय बसलायस?" ती म्हणाली. मलाही ते खटकलंच होतं. मी खटपट करून सेटिंग शोधलं, स्क्रीन कधी बंद व्हावी तिथे 'कधीच नाही' निवडलं आणि रिकाम्या वेळी पोहणारे रंगीत मासे लावले. मासे फिरतात म्हणजे मॉनिटर आराम करतोय, अशी माझी ठाम समजूत. हर्णेहून अर्ज टाइप करून घ्यायला आलेला एक खलाशी म्हणाला, "ह्यातला एक तरी लिलावात खपंल काय?"

चार-सहा महिन्यांनी वीजबिल बघून वडिलांनी पंखा, ट्यूब, सगळं बंद केलं. मनगटावरचं घड्याळ हातात घेऊन ते मीटरखाली स्टुलावर बसले आणि वीज जास्त ओढली की जोरात फिरणाऱ्या आतल्या चकतीचे फेरे मोजू लागले. मी टाइप करत असताना मोजले, मासे पोहत असतानाही मोजले.

"सारखेच," ते म्हणाले. "तारा खोटा आहे."

मला धक्का बसला नाही. उलट बरं वाटलं, हे आज कबूल करतो. ओरखडा काढला तेव्हापासून मी याचीच वाट बघत होतो.

मॉनिटर रिक्षात घालून मी मित्राच्या दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोरच म्हणालो, "हे तारे तू घरी बसून चिकटवतोस का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "सेटिंग बघितलंस काय?"

"विषय बदलू नकोस."

 गिऱ्हाइकं उठून गेली. त्याने मॉनिटर ठेवून घेतला आणि पैसे परत केले. रोज संध्याकाळी तो आमच्याकडे चहाला यायचा, ते त्या दिवसापासून थांबलं.

मी कोल्हापूरहून दुसरा मॉनिटर आणवला. त्यावरचा तारा आणखी मोठा. वडील पुन्हा स्टुलावर बसले. फेरे पुन्हा सारखेच. "हाही खोटा," ते म्हणाले, पण या वेळी त्यांचा आवाज जरा पडला होता. एकाच कॉम्प्युटरला दोन लबाड कसे भेटतील? मी सेटिंग उघडलं. 'कधीच नाही.' माझ्याच हाताने निवडलेलं. तिथे पाच मिनिटं केली आणि दोघेही चकतीकडे बघत बसलो. मासे गेले, स्क्रीन काळी झाली आणि चकती मंदावली. वडिलांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि ते आत गेले. 

दुसऱ्या दिवशी मित्राच्या दुकानात गेलो. माझा जुना मॉनिटर त्याच्याच टेबलावर होता. स्क्रीन काळी, खाली बारीक नारिंगी दिवा, ताऱ्यावर माझ्या नखाचा ओरखडा. मी सगळं सांगितलं. वडिलांचं मोजणं, चकती, माझी चूक, सगळं.



"म्हणजे चकतीनं सांगितल्यावर पटलं तुला," तो म्हणाला. "मी सांगितलेलं नाय पटलं."

त्याने माऊस हलवला. स्क्रीन उजळली आणि तो आपल्या कामाला लागला.