लिब्रादाचं न भांडणारं अंग

मासात्लान बंदरात रस्त्याच्या कडेनं आम्ही बायका कोळंबीचे टब मांडून बसतो. माझ्या शेजारी लिब्रादा ओसुना. वय एकसष्ट, आणि जीभ अशी की कुणी भाव पाडून मागितला तर त्याची पार अब्रू काढायची. त्या वर्षी चर्चा झाली ती मात्र तिच्या चेहऱ्याची. सुरकुत्या हळूहळू नाहीशाच झाल्या! गाल तुकतुकीत, नव्या नवरीसारखे.

"काय फासतेस गं?" मी विचारलं.

"कोळंबीचं पाणी! फुकट आहे, तूही फास."

कोळंबीचा काटा रुतला की आम्ही किंचाळायचो. तिला काही जाणवायचंच नाही. "नाजूक गं तुम्ही, राणीसाहेब," म्हणून हसायची.

एका शनिवारी दवाखान्यातली त्वचेची डॉक्टर, इत्सेल बेल्त्रान, कोळंबी घ्यायला आली आणि लिब्रादाकडे बघतच राहिली.

"दोन्या लिब्रादा," तिनं आदरानं बाईसाहेब म्हणावं तशी हाक मारली, "भुवया कधीपासून गळताहेत?"

"म्हातारपण, दुसरं काय!"

"म्हातारपणात सुरकुत्या जात नाहीत. सोमवारी या."

सोमवारी मीही गेले. डॉक्टरनं तिच्या कानाच्या पाळीला बारीक चीर दिली, निघालं ते काचेवर घेतलं, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. कुष्ठरोग. डॉक्टरनं आम्हाला दाखवलं: निळ्यावर लाल काड्या, जुड्यांवर जुड्या.

"दुसऱ्या कुणाच्या शरीरानं या जंतूंना ओळखून झोडपलं असतं," डॉक्टर म्हणाली. "तुमच्या शरीरानं हटकलंसुद्धा नाही. जंतू कातडीत भरत गेले, म्हणून ती ताणून गुळगुळीत झाली."

लिब्रादा ताडकन उठली. "म्हणजे मी रस्त्यावर दिवसभर भांडते, आणि माझं अंग आत चोरांना खाटा टाकून देतं?"

डॉक्टरला हसू आवरेना. "औषध घ्या, बरं होतं हे. काही दिवसांत कुणाला तुमच्यापासून धोकाही राहणार नाही."

मग घरातल्यांची तपासणी झाली. धाकटी बहीण तोमासा कुणापुढे तोंड उघडत नसे. तिच्या पाठीवर एकच फिकट, बधिर डाग निघाला आणि तिच्या काचेवर एकही जंतू दिसेना.

"जंतू तेच, पण हिचं शरीर तुटून पडलं त्यांच्यावर," डॉक्टर म्हणाली. "त्या मारामारीत डागाखालच्या बारीक नसाही दुखावल्या. औषध हिलाही लागेल, पण थोडे महिने."

"शाब्बास गं माझ्या मुक्या बाई!" लिब्रादानं तिच्या पाठीत धपाटा घातला.

गोळ्यांनी लिब्रादाची लघवी लाल झाली, कातडी काळवंडली. चौथ्या महिन्यात सणसणून ताप चढला आणि हातापायांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. औषधानंच खाल्लं म्हणत तिनं गोळ्यांचं पाकीट भिंतीवर भिरकावलं. मी ते उचललं आणि तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं गाठी तपासल्या. "औषध अजिबात सोडायचं नाही. जंतू मरून फुटताहेत, आणि त्यांच्या चिंध्यांवर तुमचं शरीर आता चवताळलंय. ते शांत करायला वेगळ्या गोळ्या देते."

"मेलेल्यांवर चवताळलं?" लिब्रादा कण्हत म्हणाली. "जिवंत होते तेव्हा कुठं मेलं होतं माझं अंग?"

आठवड्याभरात ताप उतरला. गाठी मधूनमधून उठायच्या. ती शिव्या देत गोळ्या घ्यायची. गाल सैलावले, डोळ्यांशेजारी रेघा उमटल्या. आरशात पाहून ती मला म्हणाली, "आली बघ माझी आई परत!"

वर्ष भरलं त्या दिवशी डॉक्टरनं पुन्हा काच लावली. लिब्रादानं डोळा टेकवला तो काढेचना. काड्या तुटल्या होत्या. नुसते तुकडे, नुसते ठिपके.

"भुगा!" ती अशी ओरडली की बाहेरची रांग आत घुसली. "या, या, सगळ्यांनी बघा! भुगा झालाय मेल्यांचा!"

"दोन्या, हा दवाखाना आहे!" डॉक्टर ओरडली, पण स्वतःच बाजूला सरकली. मग एकेकानं डोळा लावला, पहारेकऱ्यानंसुद्धा.

पुढच्या सोमवारी आमच्या रस्त्यावरच्या अकरा जणी तपासणीला गेल्या. मी तिसरी होते.