दोन बाटल्या, एक परात

माझ्या सासूने आयुष्यात कुणाला कमी-जास्त वाढलं नाही. बोरी अरबच्या आमच्या घरात दोन सुना. माझी जाऊ ती मोठी आणि मी लहानी. दिवाळीला दोघींना एकाच रंगाचं पातळ. आम्ही बाजारात निघालो की बायका विचारायच्या, शाळा सुटली का? एका वर्षी चिडून मी ते पातळ नेसायचंच टाकलं, तर मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, मोठीलाही नेसू दिलं नाही.

आजारसुद्धा सारखाच आला. पूर्वी गावात एक डॉक्टर सायकलवर यायचा. कणकण आहे म्हटलं की सुई टोचायचा, आणि सुई एकच. गरम पाण्यात बुडवून पुढच्याला तीच. आम्ही दोघी जोडीनेच जायचो. बऱ्याच वर्षांनी यवतमाळला रक्त तपासलं, तेव्हा दोघींनाही हिपॅटायटिस सी निघाला. माझं लिव्हर अजून धड होतं. मोठीचं कडक होत चाललं होतं. हापशीवरून घागर आणताना ती वाटेत दोनदा टेकायची, आणि कुणी पाहिलं तर पदर नीट करायला थांबले असं दाखवायची.

या रोगावर परदेशात नव्या गोळ्या निघाल्या होत्या, पण त्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. भाव येईल या आशेने सगळा कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला होता आणि त्याच्यातल्या किड्यांनी घरातलं माणूस न् माणूस खाजवत होतं. अशात कळलं, की नागपूरच्या एका दवाखान्यात त्याच गोळ्यांची चाचणी चालू आहे आणि तिथे पैसे पडत नाहीत. आम्ही दोघींनी नाव दिलं. मोठीसाठी तोच एक रस्ता उरला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मामी सोबत आल्या. तिथल्या तरुण डॉक्टरने नीट समजावून सांगितलं. प्रत्येकीला आपल्या नंबरची बाटली मिळणार. काही बाटल्यांत खरं औषध, काहींत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवतो. डॉक्टरलाही ठाऊक नसतं. एकीची गोळी दुसरीने चुकूनही घ्यायची नाही, असं त्याने बजावलं. मामी इतकं मन लावून ऐकत होत्या की मला कौतुक वाटलं.

घरी आल्यावर दोन्ही बाटल्या त्यांनी आपल्या कपाटात ठेवल्या. रोज सकाळी चहानंतर त्या आम्हाला एकेक गोळी हातावर द्यायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

पहिल्याच आठवड्यात माझं डोकं ठणकायला लागलं. मला आनंद झाला. डोकं दुखतं म्हणजे माझी गोळी खरी, असं मी धरूनच चालले. मोठीला काहीच होत नव्हतं.

"तुले लागू पडून राह्यलं वाटते," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेच्या बाटल्या आणल्या त्या दिवशी मी अंगणातून आत आले, तर मामी परात घेऊन बसलेल्या. दोन्ही बाटल्या परातीत रिकाम्या केलेल्या आणि त्या हाताने गोळ्या कालवत होत्या.

"मामी, हे काय करून राह्यल्या?"

"काही नाही वो. मागच्या खेपेलेही असंच केलं होतं. एकजागी केल्या म्हंजे एकीले औषध अन् एकीले खडू, असं होत नाही."

"डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"त्याच्या घरात दोन सुना असत्या तं समजलं असतं त्याले."

मी परातीपाशी बसून गोळ्या निवडायला लागले. उजेडात धरल्या, हुंगल्या, एक जिभेला लावून पाहिली. सगळ्या सारख्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं औषध महिनाभर अर्धं दुसरीच्या पोटात जात होतं, आणि वर मामींच्या चेहऱ्यावर न्यायनिवाडा केल्याचं समाधान.

"मी नागपूरले सांगतो," मी म्हणाले.

मोठी दारात उभी होती. "सांगू नको. दोघींलेही काढून टाकतीन. तुयाजवळ दिवस आहेत. मायाजवळ नाहीत."

पुढच्या खेपेपर्यंत घरात कुणी मोकळं बोललं नाही. सकाळी मामींचा हात पुढे आला की माझे डोळे मोठीच्या तळव्याकडे जायचे. एकदा मी तिच्या तळव्यावरची गोळी उचलली आणि माझी तिथे ठेवली. का, ते मलाही सांगता आलं नसतं. ठेवलेली गोळी तिने गिळली.

नागपूरला डॉक्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. अंगाला खाज येते का? मामी म्हणाल्या, "कापूस आहे घरात, सगळ्यायलेच येते." मग तो म्हणाला, "आपापल्याच बाटलीतली गोळी घेता ना?" टेबलाखाली मोठीने माझा पाय दाबला. मी सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बाहेर जाऊन बराच वेळ फोन केला, परत येऊन दोघींच्या गोळ्या बंद केल्या आणि रक्त घेतलं. औषध थांबल्यावर रोग पुन्हा डोकं वर काढतो का, ते बघायला काही महिने जावे लागतील. तेव्हा कुठल्या नंबरच्या बाटलीत काय होतं तेही सांगू, म्हणाला. मोठी त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनाशी झाली. तिची घागर मी आणायला लागले, तर ती दुसरी घेऊन जायची.

निकालाला आम्ही तिघी पुन्हा गेलो. डॉक्टर आधी माझ्याकडे वळला. माझ्या रक्तात आता रोग नव्हता. मग मोठीकडे पाहून म्हणाला, तुमच्या रक्तात अजून आहे. मी विचारलं, माझी बाटली खरी होती ना? त्याने हातातला कागद पुन्हा पाहिला. "नाही. औषध यांच्या बाटलीत होतं. तुमच्या बाटलीत काहीच नव्हतं."

मोठीचं लिव्हर कडक झालेलं, तिला पुरं औषध लागणार होतं. मला अर्ध्यातच भागलं. हे त्याने हळू आवाजात सांगितलं. चाचणीत तिला पुन्हा घेता येणार नव्हतं.

बसस्टँडवर यवतमाळची गाडी लागायची होती. मी मध्ये, एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला मामी. बऱ्याच दिवसांनी मोठीने तोंड उघडलं, पण माझ्याशी नाही.

"मामी, जन्मात पहिल्यांदा माया वाटणीले काही जास्त आलं होतं."

मामी समोरच्या गाड्यांच्या पाट्या बघत राहिल्या. मी त्या दोघींच्या मध्ये बसले होते, बरी झालेली.