विसावरून सतरावर

ओरेस्ट हालिकला टायरचं माप कधी वाचावं लागत नसे. गाडी दुकानाच्या आवारात वळली की तो चाकाकडे एक नजर टाकी आणि आकडा सांगे, आणि तो बरोबर निघे. कॅनडातल्या विनिपेगच्या उत्तर भागात एकाच दुकानात एकोणचाळीस वर्षं टायर चढवले-उतरवले की दगडालाही एवढं येईल, असं तो म्हणायचा. ही नम्रता वरवरचीच. चाकांच्या बाबतीत आपल्याला शिकवणारा अजून जन्मायचाय, अशी त्याची पक्की खात्री होती, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

एप्रिल संपत आला होता. बर्फ वितळून आमच्या रस्त्यांची नेहमीप्रमाणे चाळण झाली होती. एक दिवस जेवताना त्याची बायको लेस्या म्हणाली, "माझी गाडी विकून टाकू या."

ओरेस्टचा चमचा सूपातच राहिला.

गाडी लेस्याची होती. निळी, दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कूपे. शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं पोरांना जेवू घातल्यावर तिने ती स्वतःच्या पैशांनी, कुणालाही न विचारता घेतली. मुलं म्हणाली, "आई, या वयात?" ती म्हणाली, "मग काय मेल्यावर घेऊ?" दोन उन्हाळे ती खिडक्या उघड्या टाकून, बेसूर गात, एकटीच तळ्यापर्यंत जाऊन यायची. मग तिच्या साठीला ओरेस्टने तिला चाकं भेट दिली. काळी, चकचकीत, वीस इंची. कंपनीची अठरा इंची चाकं त्याने त्याच आठवड्यात विकूनही टाकली. त्या हिवाळ्यात लेस्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर गाडी गॅरेजमधून हललीच नाही.

"पाठ जरा बरी होऊ दे, मग बघू," ओरेस्ट म्हणाला.

"पाठ बरी आहे."

"मग?"

"मग काही नाही. विकायची."

गुरुवारी तो तिला आणायला चर्चच्या हॉलवर गेला. तिथे दर गुरुवारी बायका विक्रीसाठी पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळतात. लेस्या तीन तास बाकावर बसून पिठाच्या कडा चिमटीने बंद करत होती. येताना ती पाऊण तास बसने आली होती. ओरेस्टच्या डोक्यात तेव्हा कुठे काहीतरी हललं.

"बसमध्ये पाठ दुखत नाही तुझी?"

"नाही. बस मऊ असते."

"आणि तुझी गाडी?"

लेस्याने हातांचं पीठ झटकलं. "खरं सांगू? तिच्यात बसलं की रस्त्यावरचा खडा न् खडा माझ्या मणक्यात मोजता येतो. ऑपरेशनच्या आधीही तसंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रोज संध्याकाळी ती चाकं फडक्याने पुसायचास, ओरेस्ट. तुझं तोंड बघून काय बोलणार होते मी, कपाळ?"

ओरेस्टला लाज वाटली. एकोणचाळीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता की चाकाची बाहेरची उंची तेवढीच राहिली पाहिजे, नाहीतर वेगाचा काटा खोटं बोलतो. म्हणजे आतलं लोखंड मोठं केलं की रबर तेवढं कमी होणार. लेस्याच्या चाकांवर जेमतेम चार बोटं रबर उरलं होतं. आमच्या रस्त्यांवर चार बोटं म्हणजे काहीच नाही. हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? भेट देताना त्याला चकाकी दिसली आणि बायकोची पाठ दिसली नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात जाहीर केलं, "सतरा इंची बसवणार."

त्याच्यासोबत काम करणारा ड्वेन शार्ट्रां हातातला पाना ठेवून हसायला लागला. "सतरा? अरे म्हाताऱ्या, जग अठरावरून विसावर जातं आणि तू विसावरून सतरावर? शर्यतीच्या घोड्याला आजीच्या सपाता!"

"आजीचीच गाडी आहे ती."

"आणि ब्रेक? त्या गाडीचे ब्रेक ताटाएवढे आहेत. सतराच्या आत मावायचे नाहीत."

ड्वेनचं चुकलं नव्हतं. दुकानातलं पहिलं चाक लावून पाहिलं तर ते ब्रेकवर घासलं. मग ओरेस्टने जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, ब्रेकच्या बाहेरच्या आकाराचा हुबेहूब कापला आणि तो घेऊन जुन्या चाकांच्या गोदामांतून हिंडू लागला. प्रत्येक चाकात पुठ्ठा धरायचा, एक गोल फिरवायचा, अडला की चाक परत ठेवायचं. तीन शनिवार असे गेले. गोदामवाले त्याला बघून दार लोटून घ्यायला लागले. इकडे लेस्याने गॅरेजच्या दारावर 'गाडी विकणे आहे' चिकटवलं आणि एक माणूस पुढच्या शनिवारी चार वाजता बघायला येणार असं ठरलंही.

शुक्रवारी, शेवटच्या गोदामात, एका साध्या राखाडी चाकात पुठ्ठा सरळ फिरला. त्या चाकाचे आरे बाहेरच्या बाजूला फुगलेले होते. ब्रेक आणि आऱ्यांच्या मध्ये पेन्सिलीएवढी फट राहिली. तशीच चार चाकं मिळाली. ओरेस्टने त्यांच्यावर सहा बोटं रबराचे टायर चढवले, ती गाडीला लावली, दोघांचं वजन म्हणून हिवाळ्यासाठी ठेवलेल्या वाळूच्या गोण्या दोन्ही सीटवर ठेवल्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहिलं. कुठेही घासलं नाही.

"माझ्या सीटवर किती गोण्या ठेवल्यास?" लेस्याने दारातून विचारलं.

"ते मी मरेपर्यंत सांगणार नाही."

शनिवारी दुपारी तीन वाजता ती गाडीत बसली. "एकदाच हं," म्हणाली. "तुझ्या समाधानासाठी."

ओरेस्टने गुळगुळीत रस्ता धरला. दोन चौक झाले आणि ती म्हणाली, "लबाडा, इकडून कुठे नेतोस? रेल्वे फाटकावरून घे."

आमचं ते फाटक म्हणजे चार रूळ आणि मधे खड्डे. ट्रकवालेसुद्धा तिथे देवाचं नाव घेतात. ओरेस्टने वेग कमी केला. पहिला रूळ आला, मग दुसरा. लेस्याकडे बघायची त्याची हिंमत होईना. गाडी डुलली, दबली, परत वर आली. चारही रूळ मागे पडले.

"परत," ती म्हणाली.

तो वळला आणि परत त्याच खड्ड्यांतून आला. मग ती म्हणाली, "थांबव."

संपलं, त्याला वाटलं. त्याने गाडी कडेला घेतली. लेस्या दार धरून हळूच उतरली, पुढून वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि त्याचं दार उघडलं.

"दुखलं का गं?"

"उतर."

"अगं, पण सांग तरी—"

"उतर म्हणते ना! आरसे बघ, सगळे स्वतःच्या मापाने फिरवून ठेवलेत."

तो उतरला आणि मुकाट्याने तिच्या जागी जाऊन बसला. लेस्याने सीट पुढे ओढली, तिन्ही आरसे नीट केले, गाडी वळवून तोंड पुन्हा फाटकाकडे केलं आणि निघाली, त्याच्यापेक्षा बऱ्याच जोरात.

"हळू!" ओरेस्ट ओरडला.

"गप्प बस. तुझं एकदा ऐकलं तेवढं पुरे." रूळ ओलांडेपर्यंत तिने ब्रेकला पाय लावला नाही. पलीकडे गेल्यावर म्हणाली, "फोन काढ. त्या चार वाजताच्या माणसाला सांग, गाडी गेली म्हणावं."

"कुणाला गेली म्हणून सांगू?"

"मला," लेस्या म्हणाली.