उत्तर आलं की ओळ पक्की

नितीनचा फोन आला तेव्हा मी विंचूरला होतो. तिथल्या वाइन पार्कात संध्याकाळी आमचा शो होता आणि मी सकाळीच स्टेजवर माइक तपासत उभा होतो. नितीन आमचा ड्रमर. तो विलासला गाडीत घ्यायला देवळाली कॅम्पला गेला होता. म्हणाला, "विलास गेला." मी म्हटलं, "कुठे गेला? इथे साउंडचेक खोळंबलाय." तो म्हणाला, "तसा नाही रे." मग मला कळलं. रात्री झोपलेला माणूस सकाळी उठलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत आलं, 'भोंगा बँडचे बेस गिटारवादक'. बस, एवढंच. माझं डोकं फिरलं, ते अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही. भोंगा म्हटलं की लोकांना मी आठवतो, स्टेजभर उड्या मारणारा आणि घसा फाडणारा. विलास मागे उभा असायचा, ड्रमच्या आडोशाला, मान खाली घालून. पण गणपतीत, गॅदरिंगला, वरातीत पोरं आमची जी गाणी ओरडून म्हणतात ना, ती जवळजवळ सगळी त्याची. शब्द त्याचे, चालही त्याचीच. माझी गाणी सुरू झाली की पब्लिक वडापाव आणायला उठतं. पहिल्या अल्बमवर आम्ही चौघांनी मिळून 'गीत-संगीत : भोंगा' असं छापलं आणि पुढे ते तसंच चालू राहिलं. विलासला त्याचं काही वाटायचं नाही. नाव छापलं की लोक घरी येतात, म्हणायचा.

सातपूरला त्याच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. बँड चालायला लागल्यावर आम्ही तिघांनी नोकऱ्या सोडल्या, या पठ्ठ्याने दुकान सोडलं नाही. शो संपवून पहाटे नाशिकला पोचलो तरी हा दहाला शटर उघडून बसलेला. मी चिडायचो. अरे, तू आता कलाकार आहेस, जळक्या मोटरी काय उघडत बसतोस? तो हसायचा आणि तारा गुंडाळत राहायचा. मग एक दिवस मी तिथे नुसताच टेकलो होतो, तेव्हा त्याची लबाडी माझ्या लक्षात आली. निफाडकडचा एक शेतकरी जळलेली पंपाची मोटर घेऊन आला होता. विलास मोटर खोलता खोलता म्हणाला, "घरी सांगून निघालोय, पण वेळ सांगितली नाही." शेतकरी म्हणाला, "मग फोन लावा ना शेठ. लय काळजी करतात घरची." विलासने मान हलवली, पाना खाली ठेवला आणि आतल्या खोलीत गेला. आतून गिटारचा आवाज यायला लागला. ती ओळ पुढे काय झाली, हे आमचं एक जरी गाणं ऐकलेल्या माणसाला सांगायला नको.

ही त्याची रीत होती. सुचलेली ओळ तो गप्पांत टाकून बघायचा. गिऱ्हाईक, चहावाला, आम्ही, कोणीही चालायचं, आणि एकच ओळ तो पाच-सहा जणांकडे तरी टाकायचा, घरी सगळ्यात शेवटी. समोरच्याने साधं उत्तर दिलं की ओळ पक्की. कोणी 'वा' म्हटलं की ओळ बाद! एकदा विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याला म्हणाला, "अंधारालाही कंटाळा येतो उजेडाची वाट बघून." व्यापारी खूश. "वा शेठ, काय बोललात!" झालं, ओळ मेली. मी तळमळलो. मला ती जाम आवडली होती, स्टेजवर हात वर करून म्हणण्यासारखी होती. विलास म्हणाला, "त्याला मी दिसलो रे. मला म्हणायचंय ते दिसलं नाही." यावर मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तो एरवीही फारसा बोलत नसल्यामुळे त्याला ते कळलंच नसावं.

तेराव्यानंतर मी देवळालीला विलासच्या बायकोला, सुनंदावहिनींना भेटायला गेलो. चहा झाला, पण त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. मग त्यांनी विचारलंच. विलास गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात पालक निवडत होत्या, तो समोर बसला होता आणि अचानक एक वाक्य बोलला. काय बोलला तेही त्यांनी मला सांगितलं. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना वाटलं, टाकली यांनी ओळ. कौतुक केलं तर बाद होईल म्हणून त्यांनी मुद्दामच साधं उत्तर दिलं. म्हणाल्या, "पंखा कमी करू का?"

"भाऊजी, मला एवढंच सांगा," वहिनी म्हणाल्या, "ते माझ्याशी बोलले होते, की गाण्याचं चाललं होतं? माझ्याशी बोलले असतील तर मी त्यांना पंख्याचं उत्तर दिलं हो..."

मला रडू आलं. तोंडाने म्हटलं, बघतो, विचारतो सगळ्यांना. खरं तर मला धाकधूक होती. ओळ आणखी कोणी ऐकली असेल तर ती गाण्याची, आणि वहिनी सुटल्या. कोणीच ऐकली नसेल तर त्यांना हे जन्मभर खात राहणार.

मी वाक्य कोणालाच सांगितलं नाही. इतकंच विचारलं की गेल्या काही महिन्यांत विलासने तुझ्याकडे काय काय टाकलं? नितीनला आठवलं, आमच्या लीड गिटारवाल्या आनंदलाही आठवलं, दुकानातल्या रशीदभाईंना तर सगळ्यात जास्त आठवलं. तिघांच्या ओळी जुळत होत्या. "दार लावून घे, मी आतच आहे," ही तिघांनाही ऐकवलेली होती. नितीन म्हणालेला "लावलंय", रशीदभाई म्हणालेले "कडी ढिली हाय, उद्या बघतो." त्या ओळींचं गाणं आम्ही करणार आहोत आणि त्यावर विलासचं नाव छापणार आहोत, घरी लोक आले तरी चालतील. पण वहिनींना सांगितलेलं वाक्य कोणाकडेच नव्हतं.

पुन्हा देवळालीला गेलो. खोटं बोलावं असं वाटेत शंभरदा मनात आलं, पण या बाईपुढे ते जमणार नव्हतं. सांगून टाकलं, की वहिनी, ते वाक्य तुमचंच होतं. त्या पदराशी चाळा करत बसून राहिल्या. मी विचारलं, की पंख्याचं ऐकून विलास काय म्हणाला?

"कर म्हणाले. हसले जरा."

"आणि मग गिटारकडे गेला?"

"नाही. बसले होते. पालक संपेपर्यंत बसले, मग पिठाचा डबा काढून दिला."

मी ताडकन उठलोच. म्हटलं, वहिनी, ओळीला उत्तर मिळाल्यावर हा माणूस जन्मात कधी जागेवर बसलाय का? आमच्याकडे टाकलेल्या ओळीला उत्तर मिळालं की आम्हाला तिथेच सोडून जायचा. तुमच्याकडे बसला. त्याला पंख्याचं उत्तर चाललं, उलट आवडलं असणार, साध्या उत्तरावरच तर जीव होता त्याचा... वहिनी रडल्या. विलास गेल्यापासून पहिल्यांदाच रडल्या, असं त्यांच्या बहिणीने नंतर मला सांगितलं.

निघताना मी म्हटलं, पेपरच्या पुरवणीसाठी विलासवर लिहायचंय, काय लिहू? त्या दारात थांबल्या. "ते बोलले ते नका लिहू," म्हणाल्या. "मी काय बोलले ते लिहा."