खंडेनवमीला बंद ठेवलेली मशीन

वीरेशच्या आईवडिलांनी त्याचं नाव काय विचार करून ठेवलं होतं, देव जाणे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत. हा माणूस गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायचा, चालता चालता खिशातलं एटीएम कार्ड चाचपायचा, आणि कुणी नुसतं ‘जरा बोलायचं होतं’ म्हणालं तरी आधी स्वतःचीच चूक शोधायला लागायचा. कसबा बावड्यातल्या एका खाजगी दूध डेअरीत तो अकरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता. सांभाळत होता म्हणजे अगदी तान्ह्या पोरासारखा, जागं झालं तर काय करायचं या धास्तीनं.

डेअरी अमरसिंहदादांची. पार मलकापूरच्या बाजूच्या गावांतून सकाळ-संध्याकाळ केंद्रांवर दूध जमायचं, आणि वजन, फॅट काट्यावरून थेट बावड्याच्या सर्व्हरवर यायचं. कुणी किती दूध घातलं ते सगळं त्या एका मशीनच्या पोटात. वर्षभराच्या त्याच नोंदींवर दिवाळीला शेतकऱ्यांना दूधदराचा फरक, म्हणजे वर्षाची वरची रक्कम, मिळायचा. पोरांचे कपडे, फराळ, लेकींची माहेरपणं, सगळं त्या फरकावर ठरलेलं असायचं. दादा मधूनच कधी विचारायचे, “वीरेश, बॅकअप हाय न्हवं?” वीरेश म्हणायचा, “हाय की दादा.” एवढ्यावर विषय मिटायचा.

गेल्या उन्हाळ्यात दादांनी ठरवलं की ही जुनी मशीन पुरे झाली, आता सगळं भाड्याच्या ऑनलाइन मशीनवर न्यायचं. त्यांनी वीरेशला केबिनमध्ये बोलावलं आणि सरळ विचारलं, “शिकतोस, का पुण्यासनं मानसं बोलवू?” सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकायचं म्हटल्यावर वीरेशच्या तोंडचं पाणी पळालं. पण पुण्याची माणसं आली की आपण गेलो, हेही त्याला कळत होतं. तो म्हणाला, “शिकतो.”

त्याची मुलगी शिवांजली पुण्यात हेच काम करायची. डेव्हऑप्स म्हणतात त्याला. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते चालतं ठेवणारे यांनी एकमेकांच्या उरावर न बसता काम करायची रीत. तिनं बापासाठी चोवीस आठवड्यांचा आराखडा करून पाठवला. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला गेला, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. दर रविवारी फोनवर परीक्षा. लहानपणी पाढे चुकले म्हणून ज्या पोरीला यानं कोपऱ्यात उभं केलं होतं, ती आता विचारायची, “अप्पा, सर्व्हरवरचा प्रोग्राम बंद पडला तर आधी काय बघायचं?” आणि हा घाम पुसत उत्तर द्यायचा. खरं सांगायचं तर त्याला जमत होतं. भित्रा माणूस कमांड तीनदा वाचूनच एंटर दाबतो, आणि या धंद्यात तो दुर्गुण नव्हे.

पण एका रविवारी शिवांजलीनं पकडलं. “सतरावा आठवडा झाला, एकोणिसावा झाला, विसावाही झाला. अठराव्याचं काय?”

“वाचलाय की.”

“वाचायचा नव्हता अप्पा. करायचा होता.”

अठराव्या आठवड्यात लिहिलं होतं: जुनी मशीन जळून गेली असं समजा. कोऱ्या मशीनवर निव्वळ बॅकअपमधून सगळं परत उभं करा. वीरेशनं ते वाचलं होतं, आणि कपाट लावून टाकलं होतं. बॅकअप रोज रात्री आपोआप व्हायचा, रोज सकाळी मोबाईलवर ‘यशस्वी’ असा निरोप यायचा. तो उघडून बघायची गरज काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली आणि आत काही नसलं तर? या ‘तर’च्या पुढं त्याचं डोकं जातच नव्हतं.

“खंडेनवमीला तुमची मशीन तशीही बंद असते,” शिवांजली म्हणाली. “त्या दिवशी करा. मी फोनवर आहे.”

खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती. शेतकऱ्याचा विळा, सुताराची करवत, तसा डेअरीचा सर्व्हर. दूध थंड करायच्या यंत्रांना थांबवता येत नाही, म्हणून त्यांची पूजा चालूपणीच. पण जे थांबवता येतं ते सकाळचं दूध जमा झालं की थांबायचं आणि चारच्या आरतीनंतरच सुरू व्हायचं, अशी दादांच्या आई बनाबाईंची सक्त शिस्त होती. संध्याकाळचं दूध त्यानंतर यायचं, त्यामुळं कुणाचं काही अडायचं नाही. अडायचं ते फक्त वीरेशचं. जुन्या मशीनचं असं असतं, चालू आहे तोवर चालते. एकदा थंड झाली की परत उठेल याची हमी कोण देणार? दर वर्षी ते काही तास त्याला जेवण जायचं नाही.

याही वर्षी त्यानं मशीन बंद केली. बाळासो शिपायानं तिला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. सगळे पंगतीला गेले आणि वीरेश लॅपटॉप उघडून बसला. कोरी ऑनलाइन मशीन घेतली, आराखड्यात होतं तसं एकेक पाऊल टाकत गेला. बॅकअप उतरला. प्रोग्राम सुरू झाला. शेतकऱ्यांची नावं पडद्यावर आली तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसला. मग त्यानं शेवटची नोंद काढली.

तारीख गेल्या वर्षीच्या खंडेनवमीची होती.

त्यानं पुन्हा बघितलं. तारीख तीच. हळूहळू उलगडा झाला. गेल्या वर्षी याच दिवशी, मशीन बंदच आहे तर म्हणून, त्यानं नवी डिस्क बसवून नोंदींचा सगळा साठा तिच्यावर हलवला होता. बॅकअपला नवी जागा सांगायची राहिली. वर्षभर तो बिचारा इमानदारीनं जुन्या जागी जात होता, तोच जुना साठा रोज उचलून आणत होता आणि ‘यशस्वी’ म्हणत होता. औंदाच्या सगळ्या दुधाची नोंद जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण समोर माळ घालून थंडगार पडलं होतं.

दिवाळी तोंडावर आलेली. ही मशीन उठताना डिस्कसकट गेली तर हजारो घरांचा फरक कशावरून काढायचा? केंद्रांवरच्या पावत्या कुणी जपून ठेवतं काय? त्याला रडूही येईना. त्यानं पोरीला फोन लावला आणि कसंबसं सांगितलं.

शिवांजलीनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अप्पा, आत्ता जाऊन दादांना सांगा.”

“अगं चारला चालू झाली की लगीच कॉपी काढतो. चालू झाल्यावर सांगायची गरजच काय?”

“आणि नाही झाली तर? तुम्हाला कधी कळलं, असं ते विचारतील. तेव्हा काय सांगाल?”

वीरेशनं फोन ठेवला. केबिनपर्यंतचा तो व्हरांडा, रोजचाच, पण त्या दिवशी तो मध्येच थांबला, भिंतीला हात लावून उभा राहिला. परत फिरावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं. चालू झाली तर कुणाला कधीच कळणार नाही. हा विचार त्याच्याबरोबर दारापर्यंत आला. दार त्यानं ढकललं ते बहुधा परत फिरायचाही धीर उरला नव्हता म्हणूनच.

“दादा, बॅकअप न्हाई,” तो म्हणाला. “वर्साचा न्हाई. म्या कधी उघडूनच बघितला न्हवता.”

मग सगळं सांगितलं. दादा पान लावत होते, ते हात थांबले. ते ओरडतील म्हणून वीरेश अंग चोरून उभा होता. ते ओरडले नाहीत, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटली.

“आत्ता चालू केली तर?” दादांनी विचारलं.

“आत्ता काय आन् चारला काय, त्येच व्हनार.”

“मग चारलाच करू. आई पूजेला बसलीया. जा, आन् कुनाला बोलू नगंस.”

चार वाजता सर्व्हरच्या त्या चिंचोळ्या खोलीत सगळी डेअरी दाटीवाटीनं उभी राहिली. नारळ फुटला, आरती झाली. दादांनी हात जोडले ते नेहमीपेक्षा बराच वेळ. बाळासो म्हणाला, “करा वीरेशअण्णा चालू, दूध यायची येळ झाली.” वीरेशनं हात पुढं केला.

“थांब,” दादा म्हणाले. “औंदा मी दाबतो.”

लोक हसले. मालकांच्या हातचा मुहूर्त म्हणून कुणीतरी टाळीही वाजवली. दादा वाकले, आणि वीरेशच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “न्हाई उठली तर माज्या हातनं गेली. गावागावांत जाऊन मी सांगीन. तू ह्यात न्हाईस.”

त्यांनी बटण दाबलं. पंखा घरघरला आणि बंद पडला. दादांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. खोलीतलं हसू विरलं. बनाबाई पुटपुटायला लागल्या. तिसऱ्या वेळेला पंखा फिरत राहिला, पडदा उजळला, अक्षरं धावू लागली, आणि सकाळच्या दुधाची शेवटची नोंद वर आली. वीरेश भिंतीला टेकून खाली बसला. पंगतीला जेवला नाही, चक्कर आली असणार, असं बाळासो म्हणाला.

सगळे प्रसाद घेऊन गेले, दादा तिथंच खुर्ची ओढून बसले. वीरेशनं बॅकअपला नवी जागा सांगितली, साठा उचलला, नव्या मशीनवर उतरवला. आज सकाळचं दूध तिथं दिसेपर्यंत दादा उठले नाहीत. मग पायात चप्पल सरकवत म्हणाले, “अकरा वर्सं तुज्या शब्दावर झोपलो, वीरेश. आता न्हाई झोपनार. हितनं फुडं दर सोमवारी मला उघडून दावायचं. नुसतं ‘हाय की’ म्हनलेलं चालायचं न्हाई.”

“व्हय दादा.”

ते वाक्य त्याला फार लागलं. लागायलाच हवं होतं.

शिवांजलीचा फोन आला तेव्हा केंद्रांवरून संध्याकाळच्या नोंदी यायला लागल्या होत्या. “अप्पा, झाली का चालू?”

“झाली.”

“आणि दादा? काय म्हणाले?”

वीरेशनं सांगायला तोंड उघडलं. “बटन...” तो म्हणाला, “बटन म्या न्हाई दाबलं गं. त्यांनी दाबलं.” मग फोन कानाला तसाच धरून तो पडद्यावर येणाऱ्या नोंदींकडं बघत राहिला. पलीकडं पोरीला वाटलं रेंज गेली, आणि ती बराच वेळ नुसती “अप्पा, अप्पा” म्हणत राहिली.