वस्तादांनी धरलेले पाय

मी पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर होतो. डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो... आजही जातो. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. माझा धाकटा भाऊ सदा चाकणजवळच्या आमच्या गावात कुस्ती खेळायचा. एका दुपारी तालमीत डोक्यावर आपटला. मान दुखत होती, पण हातपाय हलत होते. मान लचकली की वस्तादाने मोडून द्यायची, ही आमची रीत. म्हादू वस्तादांनी त्याला बसवलं, हनुवटी धरली आणि दिला झटका.

"वस्ताद, माझं पाय कुठं गेलं?" सदा म्हणाला.

पुण्याच्या हॉस्पिटलात एक्सरे काढला. आपटून मोडलेला मानेचा मणका झटक्याने सरकला होता. कवटीला दोन बाजूंनी भोकं पाडून लोखंडी चिमटा बसवला, त्याची दोरी कप्पीवरून खाली सोडली आणि टोकाला वजनं लावली. हे ट्रॅक्शन. खाटेची डोक्याकडची बाजू विटांवर उचललेली, म्हणजे अंगाचा भार उलटा ओढेल. तरी सदा वर सरकायचा... आणि वजनं जमिनीला टेकायची. ओढ संपली की मणका पुन्हा हलणार.

"मणका आणखी सरकला तर श्वास जाईल," डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी दिवसभर कप्पीकडे बघत बसायचो. दुसरं करणार काय, डोंबल!

चौथ्या दिवशी सरकणं थांबलं.

"दादा, वस्ताद पाय धरून बसल्यात," सदा म्हणाला.

डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. त्याला पत्ता नाही. पण घोट्यांवर हात जाणवतात म्हणे! पायथ्याशी कुणीच नव्हतं. आणखी दोन दिवस तो तेच सांगत राहिला, तेव्हा माझं टाळकं फिरलं. ज्यानं अधू केलं त्याचंच नाव? एसटी धरली आणि म्हाताऱ्याला बडवायलाच गाव गाठलं.

वस्ताद तालमीच्या मातीत बसले होते. दोन्ही हात मनगटापर्यंत आत रुतवलेले.

"तीन दिस झालं, उठत न्हाईत. घास बी मीच भरवते," त्यांची बायको म्हणाली.

"उठा!" मी ओरडलो.

"न्हाई रं शंकर... सोडलं तर वर सरकंल त्यो."

सरकण्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं? हॉस्पिटलातून गावात तोवर कुणीच आलं नव्हतं. पण रागात ते सुचलंच नाही. मी बखोट धरून त्यांना ओढून काढलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

संध्याकाळी वॉर्डात धावपळ चाललेली. सिस्टर म्हणाल्या, "सव्वातीनला एकदम वर सरकला हो." सदाच्या हाताची बोटंही आता हलत नव्हती. तो धापा टाकत होता.

"दादा, वस्तादांस्नी का उठवलंस?"

कुठे गेलो होतो, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग मीच त्याचे घोटे धरून बसलो. फिटरचे हात माझे, तरी तो सरकतच राहिला. उजाडताच पहिली एसटी धरली. कधी शेंदरी दगडापुढे वाकलो नव्हतो, तो मी वस्तादांपुढे रडलो. "परत बसा हो, चुकलं माझं!"

"बसतो. पर हातात बळ न्हाई राह्यलं. एकल्यानं हुयाचं न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मातीत हात घातले.

सदा जगला. हात आले, पाय आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद होती म्हणून वाचला. असेलही.

पण त्या मातीत हात कोपरापर्यंत गेले तेव्हा बोटांना काहीतरी कोमट लागलं होतं आणि ते मी घट्ट धरलं होतं. लहानपणी सदाला मीच न्हाऊ घालायचो, त्याचे घोटे मला न बघता ओळखू येतात. उकरून मी पाहिलं नाही... पाहायचं तर हात सोडावे लागले असते.